‘डॅश’ नेमका कुणाचा? पिजिनमधले शब्द आणि पोर्तुगीजांच्या नावावरची उधारी

शब्दखोर
काल इथेच मांडवीकाठ यांनी लिहिलं: “नायजेरियन पिजिन म्हणजे मोडकं इंग्रजी, आणि त्यात जे इंग्रजी नाही ते पोर्तुगीजांचं. साबी, पिकिन, पालावा, डॅश, ऊना, वाहाला. पोर्तुगीज तिथे इंग्रजांच्या आधी पोचले होते. विषय संपला.”

उत्तर तिथेच देणार होतो, पण लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

पिजिन म्हणजे व्यापारात गरजेपोटी जमलेली मिश्र बोली. आधी ‘मोडकं’चं बघू. ‘आय डे चॉप’ म्हणजे खातोय. ‘आय डॉन चॉप’ म्हणजे खाऊन झालं. ‘आय गो चॉप’, खाईन. ‘आय बिन चॉप’, तेव्हा खाल्लं होतं. आता ‘आय चॉप डॉन’ म्हणून पाहा, लेगोसचा भाजीवालाही हसेल. जे मोडकं असतं त्यात चुकायची सोय नसते. इथे चूक होते, म्हणजे व्याकरण आहे.

आता ते सहा शब्द. साबी (माहीत असणं), पिकिन (मूल) आणि पालावा (कटकट) यांचं मूळ पोर्तुगीज आहे, ते मी देऊन टाकतो. साबेर, पेकेनो किंवा पेकेनिनो, पालाव्रा. पण मूळ पोर्तुगीज असणं वेगळं आणि पिजिनला तो शब्द पोर्तुगीजांनी देणं वेगळं. पापुआ न्यू गिनीतल्या टोक पिसिन या इंग्रजीवर उभ्या बोलीतही ‘सावे’ आणि ‘पिकिनिनी’ आहेत. तिथे पोर्तुगीजांची कुठली वसाहत होती? हे शब्द इंग्रज खलाशांच्या तोंडी बसले आणि बंदरोबंदरी फिरले. बेनिनच्या किनाऱ्यावर ते कुणाच्या जहाजातून उतरले हे ‘पोर्तुगीज आधी आले’ एवढ्यावरून कळत नाही.

वाहाला (त्रास, भानगड) हौसा भाषेतून आलेला, तिथे तो अरबीतून आला. ऊना (तुम्ही) पोर्तुगीज असण्याचा प्रश्नच नाही, तो इग्बोतला ‘उनू’. डॅश (भेट, वरकमाई, लाच) मात्र लटकलेला आहे.

मांडवीकाठ
एवढी लांब पोस्ट लिहिलीत आणि सहातले तीन मला देऊनही टाकलेत. देव बरें करूं.

टोक पिसिनचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. खलाशांनी ‘सावी’ शिकला तो कुणाकडून? गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आणि त्यांची तिथेच स्थायिक झालेली लांसादो मंडळी पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून होती. इंग्रज आले तेव्हा व्यापाराची बोली तयार होती, त्यांनी तीच उचलली. नुसते शब्द बदलून इंग्रजी घातले, साचा तोच ठेवला, असा सिद्धांत किथ व्हिनमने १९५६ सालीच मांडलाय.

आणि डॅश लटकलेला वगैरे काही नाही. पोर्तुगीज ‘दास’, म्हणजे ‘तू देतोस’. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटचा ‘स’ ‘श’सारखा बोलतात. दास, दाश, डॅश. एवढं सरळ.

लेगोसकर
वाहाला अरबी म्हणताय तर सांगून टाका की तो आपल्याकडेही आहे. आपला ‘हाल’, ‘हालअपेष्टा’, ‘हवाला’. एकच अरबी शब्द. ‘वाहाला डे’ म्हणजे ‘हाल आहेत’. अर्थ चोख जुळतो.

बाराखडी
लेगोसकर, अर्थ जुळला की आपण मराठी लोक लगेच सोयरीक जुळवतो. अरबीत ‘ह’ दोन आहेत. हाल आणि हवाला यांचा धातू ह-व-ल, आणि त्यातला ‘ह’ घशातून खरखरीत काढायचा. वाहालाचा उगम ‘वहला’, म्हणजे भीती, धसका. धातू व-ह-ल, ‘ह’ साधा, आणि अक्षरांचा क्रमही उलटा. देवनागरीत दोन्ही ‘ह’ एकच लिहितो म्हणून बहिणी वाटतात.

खरा वाद वेगळाच आहे. हौसात ‘वाहाला’ आहे आणि योरुबातही आहे. पिजिन वाढलं दक्षिणेत, लेगोस, वारी, पोर्ट हारकोर्टला. मग शब्द थेट हौसातून आला की योरुबामार्गे? इथे नुसते स्वर-व्यंजन बघून काही हाती लागत नाही, सूर बघावे लागतात, कारण दोन्ही भाषा सुरांच्या. शब्दखोर यांनी ‘हौसातून’ म्हणून एका वाक्यात उरकलं, तेही घाईचंच झालं.

शब्दखोर
उरकलं, मान्य.

आडमुठा
ऊनाबद्दल शब्दखोरांनी जे बेधडक ‘इग्बोतला’ लिहिलंय, त्याला पुरावा? हाच ‘तुम्ही’ जमैकात ‘उनू’ आहे, बार्बाडोसला ‘वना’, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या स्रानान भाषेत ‘उनू’. सुरिनाम इंग्रजांकडे होतं १६५१ ते १६६७. त्यानंतर डचांचं. म्हणजे स्रानानमधला इंग्रजी पाया त्या सोळा वर्षांतला. आणि बियाफ्राच्या आखातातून, म्हणजे इग्बो मुलखातून, माणसांची मोठी विक्री झाली ती अठराव्या शतकात. मग सुरिनामला एवढ्या लवकर इग्बो सर्वनाम नेलं कुणी?

शिवाय अंगोलातल्या किंबुंदूत ‘एनू’ आहे, सेनेगलच्या वोलोफमध्ये ‘येन’. ‘न’वाला ‘तुम्ही’ अर्ध्या पश्चिम आफ्रिकेत सापडतो. चार भाषांतल्या लोकांना ओळखीचा वाटला म्हणून टिकला असेल. एका भाषेच्या सातबाऱ्यावर चढवायची घाई कशाला?

आणि त्याच हिशेबाने मांडवीकाठ यांनाही सांगतो, ‘साबी’ आणि ‘पिकिन’ स्रानानमध्येही आहेत.

मांडवीकाठ
असतीलच की! सुरिनाममध्ये पोर्तुगीज ज्यू मळेवाले होते. नेमकं तेच सोडलंत.

आडमुठा
सोडलं नाही, तुम्ही येऊन म्हणाल म्हणून ठेवलं होतं. ठीक आहे, सुरिनामचा दाखला पिकिनपुरता कच्चा. ऊनापुरता पक्का, तिथे ज्यू मळेवाल्यांचा काही संबंध नाही.

शब्दखोर
इग्बोचा आग्रह थोडा सोडतो, पण पूर्ण नाही. नायजेरियात ऊना टिकून राहिला त्यामागे पूर्वेकडचे लोक आहेतच.

तारखांच्या खेळात एक गोष्ट दोघेही विसरताय. शब्द जातात तसे परतही येतात. १७९२ साली नोव्हा स्कॉशियाहून सुमारे १,२०० मुक्त काळे लोक सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरले, १८०० साली जमैकाचे ‘मरून’, म्हणजे पळून स्वतंत्र झालेल्या गुलामांचे वंशज, आले. १८०८ नंतर गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेले हजारो लोक तिथेच उतरवले, त्यांत योरुबा भरपूर. त्या सगळ्यांच्या मिश्रणातून तिथली क्रिओ ही बोली जमली. पुढे १८३०-४०च्या दशकांत हेच योरुबा ‘सारो’ म्हणून बडाग्री, लेगोस, अबेओकुटाला परतले. शिकलेले, चर्चमधले, हिशेब ठेवणारे. त्यांची बोली प्रतिष्ठेची. म्हणजे आज लेगोसमध्ये ऐकू येणारा ‘पिकिन’ गिनीच्या किनाऱ्यावरून कॅरिबियनला जाऊन, फ्रीटाउनला थांबून घरी आलेला असू शकतो. त्याच्यावर कुठल्या बंदराचा शिक्का मारणार?

आणि ‘खलाशांनी शिकवलं, यांनी शिकलं’ हेही एकतर्फी. कालाबारचा एफिक व्यापारी अँटेरा ड्यूक १७८५ ते १७८८ स्वतःची दैनंदिनी स्वतःच्या इंग्रजीत लिहीत होता. मूळ वही दुसऱ्या महायुद्धात गेली, नकललेले उतारे उरलेत. तो कुणाचा शिष्य नाही, सौदा करणारा माणूस आहे.

खवचट_काका
पश्चिम आफ्रिका राहू द्या. पोर्तुगीज शब्दांचं एवढं प्रेम आहे तर आधी घरात बघा. पगाराला ‘वेतन’, चावीला ‘किल्ली’ म्हणणारे शुद्धिवाले इथेच हिंडतायत. साबण, खमीस, चावी, पाव, पगार, घमेलं, परात, मिस्त्री: सगळे पोर्तुगीज. दालगादोंनी १९१३ सालीच आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांची जाडजूड यादी छापली. गोव्याच्या आसगावचा पाद्री. आपल्याकडे वाचतो कोण!

बाराखडी
काका, बाकीचं राहू द्या. पण साबण पोर्तुगीज नाही.

खवचट_काका
साबाओं! साबण! अजून काय पाहिजे?

बाराखडी
नियम पाहिजे. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी ‘आओं’ असेल तर आपल्याकडे काय होतं? ‘पाओं’चा पाव. ‘लेइलाओं’चा लिलाव. गोव्यात घरापुढच्या ओट्याचा बल्कांव. शेवटी ‘व’ येतो. मग ‘साबाओं’चा साबाव व्हायला हवा होता. ‘ण’ आला कुठून? अरबी-फारसी ‘साबून’मधून. शेवटच्या ‘न’चा ‘ण’ करणं मराठीच्या अंगवळणी पडलेलं आहे.

खवचट_काका
आणि कप्तान? तो काय कप्ताव झाला?

बाराखडी
कप्तान हिंदुस्तानी फौजेतून आला असेल. नियमाला एक अपवाद सापडला म्हणून नियम मोडत नाही, त्या शब्दाची वाट शोधायची. खमीस तर आणखी गमतीचा. पोर्तुगीज ‘कामिसा’ आणि अरबी ‘कमीस’, दोघांच्या मागे लॅटिन ‘कामिसिया’. तिथे मी पैज लावणार नाही.

खवचट_काका
म्हणजे गैरसोयीचं ते वाटेने आलेलं आणि सोयीचं ते नियमाने आलेलं. वा. साबण घ्या तुमचा, हात धुवा.

लेगोसकर
इथे डॅशची चर्चा चालली होती ना? साबणावर घसरलो.

आडमुठा
घसरलो ते बरं झालं, डॅश तिथूनच सुटतो.

मांडवीकाठ यांचा सगळा डाव ‘स’चा ‘श’ होण्यावर आहे. आजच्या लिस्बनला होतो, खरंय. पण त्याची स्पष्ट नोंद मिळते ती अठराव्या शतकाच्या मध्यात. ‘डॅशी’, ‘दाशे’ असली रूपं गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या युरोपी वर्णनांत त्याआधीची आहेत. तेव्हाचा उच्चार ओळखायचा असेल तर त्या काळात ज्यांनी पोर्तुगीजांकडून शब्द घेतले त्यांच्याकडे बघायचं. गोवाच बघू. ‘क्रूझ’ आज लिस्बनला ‘क्रूश’. कोकणीत? खुरीस. मराठीत क्रूस. ‘फेस्ता’चं फेस्त, फेश्त नाही. ‘मेस्त्रे’चा मेस्त, आपला मिस्त्री. कोकणीला ‘श’ बोलता येत नव्हता असं नाही, ‘देश’ म्हणतातच की. ऐकूच ‘स’ आला म्हणून ‘स’ घेतला.

दुसरं, जुन्या नोंदींत शब्दाच्या शेवटी स्वर आहे. डॅश-ई, दाश-ए. ‘दास’मध्ये तो स्वर नाही. तो सापडतो फांटेत, म्हणजे तिथल्या अकान भाषेच्या एका बोलीत. ‘मेदासे’ म्हणजे ‘आभारी आहे’, त्यातला ‘दा आसे’. आभार मानताना हातावर जे ठेवायचं ते. आणि जुन्या नोंदी आहेत कुठल्या? गोल्ड कोस्टच्या, म्हणजे नेमक्या अकान किनाऱ्याच्या.

मांडवीकाठ
खुरीस माझ्यावरच घातलात, आयला. तेही बल्कांवात बसून वाचत होतो.

पण ‘दा आसे’तही ‘स’च आहे. मग डॅशमध्ये ‘श’ कुणी घातला? माझ्या ‘स’चा ‘श’ होत नाही आणि तुमच्या ‘स’चा होतो, हा कुठला न्याय?

आडमुठा
…हा मुद्दा बरोबर आहे. पुढे ‘ए’सारखा स्वर असला की ‘स’ ‘श’कडे झुकू शकतो, आपण ‘शेत’ म्हणतो आणि ‘साप’ म्हणतो तसं. ऐकणारे डच आणि इंग्रज, त्यांचे कान निराळे. तुमच्या ‘दास’च्या पुढे स्वरच नाही, त्यामुळे ती सवलत तुम्हाला मिळत नाही. पण पुरावा म्हणून हे अर्धंच आहे, तेवढं लिहून घ्या.

बाराखडी
‘शेत’चा ‘श’ संस्कृत ‘क्षेत्र’मधला आहे, आडमुठा. ‘शेंदूर’ द्यायचा होता, सिंदूरवरून.

आडमुठा
बरं ताई, शेंदूर. लावा मला.

शब्दखोर
म्हणजे डॅशचं पारडं अकानकडे झुकतंय, ‘श’ची गाठ सुटायची आहे. आणि दोन्ही एकाच वेळी खरं असायलाही हरकत नाही. पोर्तुगीज बोलणाऱ्याला ‘देणं’ ऐकू आलं, फांटेवाल्याला ‘आभार’, आणि पिंप उघडायच्या आधी दोघांनाही जे हवं होतं ते मिळालं. असे शब्द लवकर रुजतात.

मांडवीकाठ
दोन्ही खरं म्हणायची वेळ माझं हरत आलं की येते, हेही लिहून घ्या. साबी, पिकिन, पालावाचं मूळ मात्र माझं, ते परत मागायचं नाही. बाकीच्याबद्दल: ऊना डॉन विन.

लेगोसकर
‘आपण जिंकलात’ म्हणे. चला, आदराने हरले.

बाराखडी
ऊनात आदर नसतो हो. नुसतं अनेकवचन. आपला ‘तुम्ही’ एका वडीलधाऱ्यालाही चालतो, ऊना दोन माणसं असल्याशिवाय वापरायचा नाही. इग्बोतल्या ‘उनू’चंही तेच.

मांडवीकाठ
म्हणूनच ऊना लिहिलं. एकट्या आडमुठ्याला मी जिंकू दिलेलं नाही.