गोवरासाठी उंदीर-माकडं वापरावीत का? मत सांगा

सातरस्ताकर: मंडळी, मागच्या वर्षी भाचीच्या पोराला गोवर निघाला, पुरळ आठवड्यात गेलं पण पुढं चार महिने कधी कान वाहतोय कधी जुलाब, तिची सासू म्हणायची गोवर आत जिरलाय. मग वाचायला लागलो तर कळलं की हा विषाणू प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच्या स्लॅम नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या खुंटीला, धरून थेट त्यांच्यातच शिरतो, जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशीच मारतो. आणि हे शोधायला उंदीर! उंदराला मुळात गोवर होतच नाही ओ, माणसाचं जीन घालायचं, वर बऱ्याचदा त्याची विषाणूला रोखणारी इंटरफेरॉनची यंत्रणा पण बिघडवायची, तेव्हा कुठं नीट लागण होते. त्यावरून आपल्या लेकरांचं काय कळणार? लस 1963 पासून आहे. बंद करा हे.

मायक्रोवाली: दादा, उंदराचं पटलं. पण मकाक माकडाला आपल्यासारखाच गोवर होतो, पुरळासकट. 2007 मध्ये लागण झालेली पेशी हिरवी चमकावी असा विषाणू दिला तर चमकल्या त्या मुख्यतः लिम्फोसाइट आणि डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच. आम्हाला कॉलेजात शिकवलेलं की आधी श्वासमार्गाच्या अस्तरात वाढतो!

मुक्या_जिवांसाठी: माणसाचं रक्त आहे की. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, 11 ते 73 टक्के अँटीबॉडी गेलेल्या, 2019 चा पेपर. माकडाची गरजच काय?

मायक्रोवाली: ताई, त्याच पेपरात मकाक पण आहेत. रक्तावरून किती गेलं ते कळतं, पहिल्या चार दिवसांत विषाणू कुठं बसलाय ते नाही. त्यासाठी प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात ती लेकराची गाठ कापणार का?

मुक्या_जिवांसाठी: तेवढं वाचायचं राहिलं, चुकलं माझं. तरी ऑपरेशनमध्ये निघालेल्या टॉन्सिलच्या तुकड्यात विषाणू वाढवतातच ना, तो तर पेशींनी भरलेला असतो.

ओटी_सिस्टर: रोज बघते मी, बोराएवढा टॉन्सिल निघतो आणि सरळ फॉर्मेलिनच्या डबीत जातो, पेशी तिथंच मेल्या. वापरायचा तर लगेच ताजा न्यायला पाहिजे, आपल्या सोलापुरात कोण नेणार? आणि तुकड्यात रक्त फिरत नाही, नव्या पेशी येत नाहीत.

सातरस्ताकर: सिस्टर, मग ताजा तुकडा लॅबला पोचवायची सोय आधी करा की, माकड त्यानंतर. उंदराबद्दल माझं मत तेच. भाचीचं धाकटं पुढच्या महिन्यात नऊ महिन्यांचं होतंय, एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेला लसीचा, डोस मी स्वतः नेऊन देणारे.