बेलमला स्वेटर नको, पाणी हवं

गुहा बघायला जाताना, आत कायम गार असतं म्हणून स्वेटर बरोबर ठेवा, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. पोलंडच्या वियेलिच्का मिठाच्या खाणीसाठी बरोबर आहे ते, तिथे १७-१८ डिग्रीच असतं. पण आंध्रातल्या बेलम गुहांना जाणार असाल तर स्वेटर अजिबात नको, पाणी घ्या! गुहेतलं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं, त्यामुळे थंड देशात गार वाटतं आणि बेलम ज्या भागात आहे त्या रायलसीमेत उबदार, त्यात बेलममध्ये दमटपणा इतका की घाम वाळतच नाही.

आम्ही डिसेंबरात गेलो होतो, बाहेर मस्त हवा, आणि आत दहा मिनिटांत आईच्या चष्म्यावर वाफ धरली, पदराने पुसला की परत तेच. बाहेरून ताजी हवा सोडायची सोय केलेली आहे, जिथे वारा लागतो तिथे लोक आपोआप थांबतात, आम्हीही आईला तिथेच टेकवलं. एकूण गुहा तीन किलोमीटरच्या वर आहे, त्यातली साधारण दीडच किलोमीटर पर्यटकांना खुली, पण सगळ्यात खोल जागा, म्हणजे पाताळगंगा हा गुहेतला झरा, ४६ मीटरवर आहे आणि जेवढं उतरलात तेवढं परत चढायचंय हे आधीच डोक्यात ठेवा. दम्याचा किंवा बीपीचा त्रास असेल त्यांनी पाताळगंगेचा हट्ट खरंच धरू नये, गुहेतल्याच कोटिलिंगालू दालनातले छतापासून लोंबणारे चुनखडीचे झुबके बघून परत फिरलं तरी जीव तृप्त होतो.