जुन्या कॉम्प्युटरला मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त रॅम लावावी का?

बीएक्सवाला:
जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्या आमच्या पुण्यातल्या मंडळींत परवा एकाने ठणकावून सांगितलं, की मॅन्युअलमध्ये ३८४ एमबी छापलंय तर तेवढीच रॅम लावायची, त्यापुढे जाणं म्हणजे मशीनची वाट लावणं. मला हे साफ नामंजूर आहे, म्हणून हा धागा.

हा छापलेला आकडा येतो कुठून ते बघा. इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणारी बोर्डावरची चिप, १९९८ चा. तीन स्लॉट असलेल्या बऱ्याच बोर्डांच्या पुस्तिकेत कमाल ३८४ एमबी लिहिलेलं असतं, कारण पुस्तिका छापली तेव्हा साध्या ग्राहकाला मिळणारी मोठ्यात मोठी रॅमची पट्टी १२८ एमबीची होती. तीन गुणिले १२८, झाले ३८४. चिपसेट स्वतः १ जीबीपर्यंत जातो. त्याच बोर्डावर २५६ च्या तीन पट्ट्या लावल्या की ७६८ एमबी दिसतात. म्हणजे ती मर्यादा त्या वर्षीच्या बाजाराची होती, सिलिकॉनची नव्हे.

पथ्य एकच. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत घ्या नाहीतर जुन्या बाजारात, पट्टीवरच्या चिपा मोजून घ्या. दोन्ही बाजूंना मिळून १६ असतील तर २५६ एमबी पूर्ण मिळतात. ८ च असतील तर प्रत्येक चिप दुप्पट क्षमतेची असते, बीएक्सला ती पूर्ण वाचता येत नाही, आणि २५६ ची पट्टी १२८ दाखवते किंवा बोर्ड सुरूच होत नाही. विकणारा म्हणतो, 'दुसऱ्या मशीनवर चालवून बघितलीय.' तो खोटं बोलत नसतो, नंतरच्या चिपसेटवर ती खरंच चालते.

मंगळवारातला:
उदाहरण सोयीचं निवडलंत. आता ४३०टीएक्स घ्या, पेंटियम एमएमएक्सच्या काळातला. तो २५६ एमबी घेतो, पण त्याची एल-टू कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी, फक्त पहिल्या ६४ एमबीला लागू पडते. त्यापुढची सगळी मेमरी कॅशविना. वर विंडोज ९८ मेमरी वापरायला सुरुवात करतं ती वरच्या टोकाकडून, म्हणजे नेमकी कॅश नसलेल्या भागातून. ६४ ची १२८ केली आणि मशीन आधीपेक्षा मंद झालं, अशी तक्रार घेऊन येणारे मी पाहिलेत. तेव्हा बोर्डाने रॅम स्वीकारली म्हणजे पेलली, असा अर्थ काढू नका.

दुसरं म्हणजे १६ चिपांच्या चांगल्या पट्ट्या आता नव्याने कुणी बनवत नाही. तुमच्या ७६८ साठी तीन पट्ट्या अडकतात. त्या वेगवेगळ्या तीन मशीन जिवंत ठेवू शकल्या असत्या.

भोसरी_मेंटेनन्स:
मी छंदवाली नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभाल बघते. आमच्याकडे एका मिलिंग मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा पीसी अजून विंडोज ९८ वर आहे. ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही आणि ते लिहिणारी कंपनी केव्हाच बंद झाली. मागे एका हौशी मुलाने 'मॅडम, फुकट पडली आहे, लावून देतो' म्हणत त्यात ७६८ एमबी करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉस विंडो उघडेना, मेमरी अपुरी असल्याचा संदेश येऊ लागला. रॅम वाढवल्यावर मेमरी अपुरी! पहिल्या पाळीचं काम खोळंबलं.

त्या सॉफ्टवेअरला ६४ एमबी सुद्धा भरपूर होते. ज्या मशीनवर माणसांचं काम अवलंबून आहे, तिथे 'बघू तरी चालतंय का' हे चालणार नाही.

बीएक्सवाला:
ताई, तुमचा राग रास्त आहे. चालत्या कामाच्या मशीनला विनाकारण हात लावू नये, हे मला शंभर टक्के मान्य. पण दोष रॅमचा नव्हता. विंडोज ९८ चा व्हीकॅश, म्हणजे फायलींची कॅश सांभाळणारा भाग, रॅम ५१२ एमबीच्या वर गेली की स्वतःसाठी मेमरीचे इतके पत्ते राखून ठेवतो की बाकीच्यांना जागा उरत नाही. सिस्टीम.आयएनआय फायलीत व्हीकॅशच्या विभागात मॅक्सफाइलकॅशची ओळ घालून आकडा ५२४२८८ किलोबाइट किंवा त्याखाली ठेवला की हा त्रास जातो. उपाय मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आहे. त्या मुलाने रॅम लावली, पण ही ओळ घातली नाही.

मंगळवारातले काका, टीएक्सचं म्हणणं बरोबर. फक्त ते अर्धं सांगितलंत. प्रोग्रॅम ६४ मध्ये मावत असतील तर वाढवू नये, कबूल. मावत नसतील तर मशीन हार्डडिस्कवर अदलाबदल करत बसतं, आणि कॅश नसलेली रॅमसुद्धा त्या काळच्या हार्डडिस्कपेक्षा कितीतरी पट वेगवान. शिवाय बोर्ड चालवून घेत असेल तर एएमडीचा के६-३ किंवा के६-२ प्लस बसवा. त्यांची एल-टू प्रोसेसरच्या आतच असते, तिला चिपसेटची ६४ ची अट लागत नाही.

मंगळवारातला:
म्हणजे रॅमसाठी प्रोसेसर बदला, प्रोसेसरसाठी व्होल्टेजचे जंपर तपासा, के६-२ प्लसला २ व्होल्ट लागतात आणि ते बऱ्याच बोर्डांवर मिळत नाहीत, मग बायोस, म्हणजे बोर्डाचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, तोही बदला. एवढं सगळं बदलल्यावर १९९७ चं मशीन उरलं कुठे? मी जुनं मशीन लावतो ते त्या काळी ते कसं वागायचं हे अनुभवायला. तेव्हा ३२ एमबीत लोक काय काय करत होते, कुठे थांबावं लागायचं, हे त्या थांबण्यातूनच कळतं.

सोल्डर_आणि_फ्लक्स:
मर्यादा ओलांडणं हाही त्या काळचाच भाग आहे, हे विसरू नका. १९८४ च्या मूळ मॅकिंटॉशमध्ये १२८ केबी रॅम होती, ६४ किलोबिटच्या १६ चिपा (आठ बिट म्हणजे एक बाइट), थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या. वाढवायला स्लॉट नाही. स्टीव्ह जॉब्सला लोकांनी मशीन उघडलेलंच नको होतं. पण बोर्ड रचणाऱ्या बरेल स्मिथला १२८ कमी पडणार हे दिसत होतं, म्हणून त्याने २५६ किलोबिटच्या चिपांसाठी लागणाऱ्या जादा रेषा बोर्डावर टाकून ठेवल्या. खर्च नगण्य, त्यामुळे त्या टिकल्या. पुढे लोकांनी १६ चिपा काढून मोठ्या बसवल्या, पत्त्यासाठी जादा आयसी जोडला आणि घरच्या घरी ५१२ केबी केले. ज्याने मशीन घडवलं त्यानेच ही वाट ठेवली होती. तिथून गेलं तर मशीनचा अपमान कसा?

सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरची गोष्ट मात्र वेगळी. ४८के मॉडेलच्या वरच्या ३२ केबीसाठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटच्या अशा चिपा घेतल्या, ज्यांचा एक अर्धा भाग सदोष निघालेला होता. कोणता अर्धा चांगला, ते बोर्डावरच्या एका तारेने ठरायचं. आपल्याकडे परवान्यावर निघालेला डीबी स्पेक्ट्रम प्लस कुणाकडे असेल आणि त्यातली एखादी चिप गेली असेल, तर आज पूर्ण चांगली ४१६४, म्हणजे ६४ किलोबिटची चिप, तिथे बसते. पण ती ६४ ची आहे म्हणून मेमरी वाढत नाही. त्यातल्या झेड८० प्रोसेसरला एका वेळी ६४ केबीच दिसतात, आणि १६ केबी रॉम धरून ती जागा आधीच भरलेली आहे. तिथली भिंत प्रोसेसरची आहे. बीएक्सच्या पुस्तिकेतला आकडा आणि ही भिंत एका मापाने मोजता येत नाहीत.

मंगळवारातला:
बरेल स्मिथची गोष्ट मलाही प्रिय आहे. पण १९८५ साली ते मशीन दुकानात मिळत होतं. आज न उघडलेला १२८के मॅक किती जणांकडे आहे? ४० वर्षांच्या बोर्डावरून १६ चिपा, प्रत्येकीचे १६ पाय, म्हणजे २५६ टाके काढायचे. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं की तांब्याचं कडं बोर्डापासून सुटतं, आणि ते सुटलं की तारेचे तुकडे जोडत बसा. स्लॉटातली पट्टी परत काढता येते, हे परत फिरवता येत नाही. माझा विरोध मुख्यतः याला आहे. आणि स्लॉट असले तरी जपून. ३० पिनी सिम, म्हणजे जुन्या धाटणीच्या रॅम पट्ट्या, त्यांच्या स्लॉटच्या प्लॅस्टिकच्या कड्या आता ठिसूळ झाल्यात, नखाने ओढाल तर तुटतील. दोन्ही कड्या एकदम, अगदी थोड्या बाहेर ढकलून मगच पट्टी पुढे कलती करायची.

कर्वेनगर_हॉस्टेल:
माझा प्रश्न छोटा आहे. मामाने २०११ चा १३ इंची मॅकबुक प्रो दिलाय. ॲपल कमाल ८ जीबी सांगतं, लोक १६ लावतात. माझ्याकडे हाच एक लॅपटॉप आहे, प्रोजेक्टचं सगळं यावरच. लावू का?

बीएक्सवाला:
बिनधास्त लाव. त्या मॉडेलवर १६ जीबी चालते, ८ च्या दोन डीडीआर३ पट्ट्या, १३३३ च्या. फक्त त्याच वेगाच्या घे, आणि जुन्या पट्ट्या फेकू नकोस.

भोसरी_मेंटेनन्स:
लावण्याआधी प्रोजेक्टची प्रत दुसरीकडे काढून ठेव. लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालव. एक जरी चूक दाखवली तर पट्टी परत कर, 'एवढ्याने काय होतंय' म्हणू नकोस. रॅम बिघडलेली असेल तर मशीन बंद पडतंच असं नाही, फाइल गुपचूप खराब होते, आणि खराब झालेलीच तू पुन्हा सेव्ह करतोस.

बीएक्सवाले, व्हीकॅशची ओळ लिहून घेतली. पण आमच्या पीसीत पट्टी परत ६४ ची घातली आहे आणि ती तीच राहील.

बीएक्सवाला:
राहू द्या, ताई, त्या मशीनला तेच योग्य. काकांचा मुद्दाही मी अर्धा घेतो. सोल्डर काढून करायची वाढ फक्त आधीच मेलेल्या किंवा कुणीतरी छेडलेल्या बोर्डावर करावी. पण स्लॉटवाल्या मशीनला पुस्तिकेतल्या आकड्यावर अडवून ठेवण्याला माझा विरोध कायम आहे.

मंगळवारातला:
मेलेल्या बोर्डावर जरूर करा, लागल्यास मी हॉट एअर गन घेऊन येतो. तुमच्या ७६८ मधल्या दोन पट्ट्या मात्र मला द्या. माझ्याकडे दोन बीएक्स बोर्ड रॅमअभावी बंद पडून आहेत.