सुट्टी, रजा, खाडा आणि 'चार दिवसांचा आठवडा'

कोरा_कागद
कारखाना आणि कार्यालय दोन्हींना लागू होईल अशी रजेच्या नियमांची मराठी पुस्तिका करायची आहे. मूळ मसुद्यात सगळीकडे एकच 'टाइम ऑफ'. मराठीत कुठे सुट्टी लिहायचं आणि कुठे रजा? 'सुट्टी मंजूर करणे' चालेल का? शिवाय 'फोर डे वीक'ला 'चार दिवसांचा आठवडा' म्हटलं, तर वाचणाऱ्याला नेमकं काय कळतं?

मस्टरनवीस
'सुट्टी मंजूर करणे' बोलण्यात खपतं, नियमात नको. क्रियापद बघा म्हणजे उलगडा होतो. सुट्टी असते, लागते, मिळते, जोडून येते. रजा काढतात, टाकतात, ती मंजूर होते, शिल्लक राहते, बुडते. खाडा होतो आणि कापला जातो. सुट्टी सगळ्यांना एकदम, विनाअर्ज. रजा एकट्याची, अर्ज करून. खाड्याला अर्जही नाही आणि पैसेही नाहीत.

त्यामुळे 'साप्ताहिक सुट्टी', 'सार्वजनिक सुट्टी', पण 'अर्जित रजा' (काम करून जमा झालेली), 'आजारपणाची रजा'. 'साप्ताहिक रजा' असं कुणी लिहिलं तर हाणून पाडा. आठवड्याचा तो दिवस अर्ज करून मागायचा नसतो, आणि चुकीच्या शब्दाने तो मागायचा आहे असं वाटायला लागतं.

अनुस्वार
आधी लेखन. 'सुटी' आणि 'सुट्टी' दोन्ही रूढ आहेत, मूळ 'सुटणे'. 'सुटी'चा दुसरा अर्थ 'मोकळी' (सुटी पानं, सुटी फुलं), म्हणून पुस्तिकेत 'सुट्टी' धरलेलं बरं. अनेकवचन 'सुट्ट्या'. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. एकाच पानावर दोन्ही रूपं दिसली की वाचणारा त्यांत फरक शोधत बसतो.

'रजा' अरबी-फारसीतून आली. मूळ अर्थ संमती, परवानगी. म्हणूनच 'आता रजा घेतो' म्हणजे निरोप घेतो. पूर्वी 'नोकराला रजा दिली' याचा अर्थ काढून टाकलं असाही होत असे, आणि 'सक्तीच्या रजेवर पाठवलं' यात तो सूर अजून ऐकू येतो. देणारा कोण, हे या शब्दात पहिल्यापासून बसलेलं आहे.

पाळी_तिसरी
रजा मागण्यात ओशाळेपणा का असतो, याचं उत्तर सरकारी शब्दांत सापडतं. नैमित्तिक रजेचं कार्यालयातलं चालू नाव 'किरकोळ रजा'. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला ती वर्षाला ८. गंमत अशी की महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ तिला मुळी रजाच मानत नाहीत. ती घेणारा हिशेबात कामावरच असतो. खऱ्या रजा म्हणजे अर्जित रजा (१ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस आगाऊ जमा, साठवण्याची मर्यादा ३०० दिवस), अर्धवेतनी रजा (वर्षाला २०), परिवर्तित (अर्धवेतनी रजा बदलून घेतलेली पूर्ण पगाराची) आणि असाधारण (बिनपगारी) रजा. आणि हे सगळं सांगणारेच नियम असंही बजावतात की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. 'माझ्या हक्काच्या रजा' हे वाक्य कार्यालयात सर्रास ऐकू येतं, आणि नियमाच्या भाषेत ते अर्धंच खरं आहे. जमा झालेली रजा हक्काची, पण ती कधी घ्यायची हे मंजूर करणाऱ्याच्या हाती.

पुस्तिकेत एक गोष्ट नक्की उलगडून लिहा: मधल्या सुट्ट्यांचं काय होतं. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या शासकीय कार्यालयात कुणी गुरुवार-शुक्रवार आणि पुढचे सोमवार-मंगळवार गैरहजर राहिला, तर किरकोळ रजा ४ खर्ची पडतात, कारण मधले शनिवार-रविवार त्यात मोजत नाहीत. तेच अर्जित रजेत ६ होतात. सुट्टी रजेच्या आधी किंवा नंतर येत असेल तर अर्जात सरळ मागायची: "दि. १२ ते १४ अशी ३ दिवसांची अर्जित रजा, पुढे दि. १५ व १६ ची सुट्टी जोडून, मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह मिळावी." 'जोडून' राहिलं की परत आल्यावर आस्थापना शाखेशी पत्रापत्री सुरू.

मस्टरनवीस
कारखान्यात हिशेब वेगळा, म्हणून दोघांना एकच वाक्य लावू नका. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ ने वर्षात २४० दिवस भरलेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा दिली, आणि रजेच्या आत किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या त्यातून वगळल्या. मधला रविवार रजेत गिळण्याला हल्ली 'सँडविच' म्हणतात. त्या कलमाखालच्या रजेत ते बसत नव्हतं. तरी खासगी कंपन्यांच्या पुस्तिकांत ते बेधडक छापलेलं दिसतं, कारण कार्यालयाचा नियम उचलून कारखान्याला डकवलेला असतो.

ओटी_पडवी
खाडा फक्त मजुराचा नसतो. खाणावळीत जेवायला गेलं नाही तरी 'खाडा'च लावतात. तिथे तो गिऱ्हाइकाच्या फायद्याचा, अमुक खाडे झाले की पैसे वळते. घरकामाला येणाऱ्या बाईंचा खाडा मात्र त्यांच्याच पगारातून जातो. घरमालक 'बाईंनी सुट्टी घेतली' म्हणतात आणि महिनाअखेरीला खाडा धरतात, हा शब्दांचा सरळ लबाडपणा आहे. पैसे कापणार असाल तर त्याला सुट्टी म्हणू नका. महिन्याला ठरलेल्या दोन भरपगारी सुट्ट्या असतील तर त्या सुट्ट्या, त्यापुढचा दिवस खाडा.

कोरा_कागद
हे उपयोगी. म्हणजे 'बिनपगारी रजा' आणि 'खाडा' यांतही फरक ठेवायचा ना?

मस्टरनवीस
ठेवायचाच. बिनपगारी रजा आधी मंजूर झालेली असते, शिस्तभंग होत नाही. खाडा म्हणजे न कळवता गैरहजर. पगारपत्रकात दोन्हींची रक्कम सारखीच कापली जाईल, पण चौकशी लागते ती खाड्याला. हजेरीपुस्तकात खुणाही वेगळ्या ठेवा आणि त्यांची यादी पहिल्या पानावर चिकटवा. दोन्हीकडे नुसती 'गै' मारली की वर्षाअखेरीला कोणती कसली हे सांगायला कुणी उरत नाही.

विकांतवादी
'वीकएंड'ला मराठी संकेतस्थळांवर 'विकांत' चांगला रुळलाय. तो घ्या की.

पाळी_तिसरी
गप्पांत घ्या, नियमात नको. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत सुट्टी गुरुवारची. विजेचा भार सगळ्या वसाहतींवर एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक भागांचे सुट्टीचे वार वाटून दिलेले होते, त्यातून हे आलं. एसटीच्या वाहकाला, परिचारिकेला, हॉटेलातल्या वेटरला तर वार ठरलेला असेलच असंही नाही. 'विकांत' किंवा 'सप्ताहांत' म्हटलं की शनिवार-रविवारच डोळ्यांपुढे येतो. 'साप्ताहिक सुट्टीचा दिवस' लांबट आहे, पण कुणालाच वगळत नाही.

खेड्यात तर सुट्टीचा शब्दच न वापरता सुट्टी असते. 'वार पाळतात'. त्या दिवशी औत धरायचं नाही, बैल जुंपायचे नाहीत. बाजारवाराला मजुरीचा हिशेब आणि कामाला विश्रांती. आठवडा मोजला जातो तो एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत.

अनुस्वार
रविवारचीच गोष्ट निघाली तर 'इंग्रजांनी दिलेली सुट्टी' हे अर्धवट वाक्य कुणी पुस्तिकेच्या प्रस्तावनेत घालू नये. कचेऱ्या बंद असत, गिरण्या नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या: रविवारी पूर्ण विश्रांती, दुपारी अर्धा तास सुट्टी, सकाळी साडेसहाला सुरू झालेलं काम सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. गिरणीमालकांनी रविवार मान्य केला तो १० जून १८९० रोजी. सहा वर्षं लागली. 'सुट्टी मिळते' या बिनकर्त्याच्या वाक्यात हे झाकून जातं.

तासवाला
मूळ प्रश्नाचं शेपूट राहिलं: चार दिवसांचा आठवडा. यात दिवस दिसतो, तास दिसत नाहीत, आणि सगळी फसगत तिथेच होते.

महाराष्ट्र शासनाचंच उदाहरण घ्या. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, सगळे शनिवार मोकळे. आधी दुसरा आणि चौथा शनिवारच सुट्टी असे. कार्यालयाची वेळ झाली ९.४५ ते ६.१५, म्हणजे दिवसाला ४५ मिनिटं जास्त. शासनाने मांडलेला हिशेब असा: पूर्वी वर्षाला २८८ दिवस आणि रोज सव्वासात तास, एकूण २०८८ तास. नंतर २६४ दिवस आणि रोज ८ तास, एकूण २११२. जेवणाचा अर्धा तास दोन्हीकडे वगळलेला. म्हणजे दिवस २४ कमी, तास २४ जास्त. 'सुट्ट्या वाढवल्या' आणि 'काम वाढवलं' ही दोन्ही वाक्यं एकाच निर्णयाबद्दल खरी आहेत. शिवाय पोलीस, अग्निशमन, सरकारी रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं यांना तो आठवडा लागूच नव्हता, त्यामुळे 'सरकारी नोकरांना शनिवार सुट्टी' हेही सरसकट म्हणता येत नाही.

बाहेरही हाच घोळ. बेल्जियमने २०२२ मध्ये दिला तो आठवड्याचे तेच तास चार दिवसांत बसवण्याचा पर्याय. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ६१ संस्थांनी सहा महिने करून पाहिलं त्यात मात्र वेळच कमी केला, पगार तोच. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या प्रयोगांत दिवसांना फारसा हात न लावता ४० तासांचे ३५-३६ केले. तिन्ही बातम्यांना मराठीत शीर्षक एकच, 'चार दिवसांचा आठवडा'. ४८ तासांना ४ ने भागलं की दिवस १२ तासांचा होतो. लोकलने ये-जा करणाऱ्याला त्यात आणखी तीन तास धरा. त्याला ती सवलत म्हणून विकू नये.

माझी सूचना: तास तेच असतील तर 'दाटवलेला आठवडा', तास घटले असतील तर 'कमी तासांचा आठवडा', आणि लगेच आकडा: 'कामाचे दिवस ४, आठवड्याचे तास ३२'.

अनुस्वार
'दाटवलेला' कानाला चमत्कारिक लागतो, पण अर्थ चोख आहे. नाहीतर सरळ 'चार लांब दिवस'.

कोरा_कागद
'चार लांब दिवस' घेतो, पुढे तासांच्या आकड्यासह. शेवटचं एक: सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर मिळते ती 'बदली सुट्टी' की 'भरपाई सुट्टी'? कामगार 'सी-ऑफ' (कॉम्पेन्सेटरी ऑफ) म्हणतात.

मस्टरनवीस
दोन्ही शब्द हवेत, अर्थ वेगळे आहेत. वार आधीच हलवला, रविवारऐवजी मंगळवार, तर ती बदली सुट्टी. १९४८ च्या कायद्यात ती मूळ दिवसाच्या आधी किंवा नंतरच्या तीन दिवसांत द्यायची होती, सूचना आगाऊ फलकावर लावायची होती, आणि सबंध सुट्टीशिवाय सलग १० दिवसांपेक्षा जास्त काम करवता येत नव्हतं. कायद्यातून सूट घेऊन सुट्टी बुडवलीच असेल, तर नंतर परत करायची ती भरपाई सुट्टी, त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत. 'सी-ऑफ' कंसात ठेवा, लोक तेच शोधतील. पण मुदत मुख्य वाक्यातच लिहा, तळटीपेत नको. मुदत लिहिलेली नसली की सी-ऑफ साठत जातात, पर्यवेक्षक 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो, आणि मार्चअखेरीला कोरी पाटी.