मदत हवी आहे: रीमॅप अर्धवट राहिलेला ऑक्टाव्हिया आरएसचा ईसीयू बूट मोडने परत आणता येईल का?

मंडळी, गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, आपल्याकडे विकली गेलेली १५० बीएचपीवाली. मागच्या आठवड्यात एका ट्यूनरकडे रीमॅपसाठी (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीयूत, बदललेला प्रोग्रॅम टाकण्यासाठी) दिली होती. गाडी नुकतीच चालवून आणलेली, इंजिन तापलेलं, बॅटरीला चार्जर नाही. ओबीडी सॉकेटमधून (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून) नवी फाइल टाकणं चालू असताना रेडिएटरचा पंखा सुरू झाला, बॅटरीचा व्होल्टेज पडला असावा, आणि लॅपटॉपवरची पट्टी जागीच अडकली. तेव्हापासून गाडी ढिम्म. ट्यूनर म्हणतो, ईसीयू गेला, जुन्या पार्टच्या बाजारातून दुसरा आणा. मला ते पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

लक्षणं अशी: सेल्फ व्यवस्थित मारतो, पण गाडी पकडत नाही. चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा आवाज येत नाही. ईपीसीचा (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक्सचा) दिवा एरवी लागून विझतो, तो आता लागतच नाही. स्कॅनर मीटर कन्सोलशी बोलतो, इंजिनशी अजिबात नाही, आणि गेटवेत (गाडीतल्या युनिट्सना एकमेकांशी जोडणाऱ्या भागात) ०१३१४ हा कोड आहे, म्हणजे इंजिन कंट्रोल युनिटशी संपर्क नाही. फ्यूज, रिले आणि ईसीयूला येणारा करंट मल्टिमीटरने तपासून घेतला आहे. तिथे काही खोट नाही. त्याच केबलने पुन्हा फाइल टाकायचाही प्रयत्न झाला, पण जोडणीच होत नाही.

आता माझी समजूत लिहितो. चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

ईसीयू बॉशचा एमई७.५. आत सी१६७ प्रोसेसर आणि २९एफ८००बीबी ही १ एमबीची फ्लॅश चिप, ईसीयूचा प्रोग्रॅम हिच्यातच असतो. बिघडलाय तो फ्लॅशमधला मजकूर, पार्ट नव्हे. प्रोसेसरच्या स्वतःच्या पोटात एक छोटा बूटस्ट्रॅप लोडर कायमचा कोरलेला असतो, त्याला फ्लॅशमध्ये काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. सुरू होताना प्रोसेसरला डेटा लाइन ४ खाली (ग्राउंडला) खेचलेली दिसली, की तो फ्लॅशकडे न जाता सिरियल लाइनवर वाट बघत बसतो. हाच बूट मोड. आपण शून्याचा एक बाइट पाठवायचा, तो आपली ओळख सांगणारा बाइट परत देतो, मग ३२ बाइटचा छोटा प्रोग्रॅम स्वीकारतो. तिथून पुढे फ्लॅश वाचता येते, पुसता येते, लिहिता येते. हे खरं असेल तर ‘ईसीयू गेला’ म्हणणं म्हणजे ताप आला म्हणून माणसाला स्मशानात नेण्यासारखं आहे.

दुसरा ईसीयू मला का नको, तेही सांगतो. इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न देणाऱ्या यंत्रणेची) माहिती फ्लॅशमध्ये नसते, ती ९५०४० या ५१२ बाइटच्या वेगळ्या ईईप्रॉममध्ये (छोट्या मेमरी चिपमध्ये) असते. अनोळखी ईसीयू बसवला तर गाडी क्षणभर सुरू होऊन बंद पडणार, मग पिन कोड शोधा, मीटरशी जुळवून घ्या, आणि तो ईसीयू आधी कुठल्या गाडीत होता, पाण्यात बुडाला होता का, काहीच कळायला मार्ग नाही. या गाड्यांचा ईसीयू वायपरखालच्या खोबणीत असतो. तिथली पाण्याची भोकं पाल्यापाचोळ्याने तुंबली की पावसाळ्यात डबकं होतं. बाजारातल्या जुन्या मालात असे भिजलेले किती असतील, सांगता येत नाही. माझा ईसीयू कोरडा आहे, कनेक्टरच्या पिना लखलखीत आहेत.

गाडीतून काढून टेबलावर जोडायचा बेत आहे. १२१ पिनांच्या कनेक्टरवर ३, २१ आणि ६२ ला १२ व्होल्ट, १ आणि २ ला ग्राउंड, ४३ ला के-लाइन (लॅपटॉपशी बोलायची तार). हे बरोबर आहे ना?

खरी धास्ती आहे ती फ्लॅशच्या २४ नंबरच्या पायाची. डेटा लाइन ४ तिथेच येते, म्हणून करंट देताना तोच ग्राउंड करायचा असतो. पण ४४ पायांच्या या चिपवर ठिपक्याकडून मोजत गेलं की एका बाजूला २२ संपतात, आणि पलीकडच्या बाजूचा अगदी कोपऱ्यातला पहिला पाय २३. तो ५ व्होल्टचा पुरवठा. त्याला लागून २४. हात किंचित हलला की सरळ शॉर्ट. त्यामुळे टाचणीने टेकवण्यापेक्षा बारीक वायरला डाग देऊन घ्यावा असं वाटतं. कुणी केलंय का? ग्राउंड थेट द्यायचं, की मध्ये रेझिस्टर घालायचा?

शेवटचा प्रश्न फाइलचा. ट्यूनरने ‘तुमच्या गाडीची मूळ फाइल’ म्हणून एक फाइल दिली. साइझ बरोबर १ एमबी आहे. पण हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडली तर उजव्या बाजूच्या मजकुरात ‘१.८एल आर४/५व्हीटी’ च्या शेजारी जो पार्ट नंबर दिसतो, तो माझ्या ईसीयूच्या लेबलशी जुळत नाही. सुरुवातीचं ०६ए ९०६ ०३२ तेच, शेवटची अक्षरं वेगळी. म्हणजे ही दुसऱ्याच कुणाच्या गाडीची फाइल आहे, आणि माझी मूळ फाइल त्याने बहुधा वाचून ठेवलेलीच नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. लिहिण्याआधी वाचून ठेवणं ही या कामातली पहिली पायरी, आणि पैसे घेऊन काम करणाऱ्याने तीच गाळावी?

अपडेट: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारा एक मित्र मदतीला आला. झाकणाचा सीलंट हीट गनने मऊ करून ते उचललं, त्याने भिंगाखाली २४ ला वायर लावून दिली. सुरुवातीला उत्तर येत नव्हतं, कारण करंट आधी आणि ग्राउंड नंतर देत होतो. इथे कुणीतरी लिहिलं तसं ग्राउंड आधी धरलं, मग करंट दिला, दोन-तीन सेकंदांनी वायर सोडली, आणि प्रोसेसर बोलला! वायर सोडायला विसरू नका, नाहीतर ती डेटा लाइन कायम शून्य राहते आणि वाचलेलं सगळं खोटं निघतं.

सर्वांत आधी ९५०४० वाचून घेतला, पुन्हा वाचून दोन्ही फाइली ताडल्या, तंतोतंत जुळल्या. इमोबिलायझरची काळजी मिटली. फ्लॅशही वाचली. सुरुवातीचे छोटे सेक्टर कोरे, नुसते एफएफ, मधला काही भाग नव्या फाइलचा, त्यापुढे शेवटपर्यंत पुन्हा एफएफ. म्हणजे त्या केबलने आख्खी चिप आधी पुसली होती. ओबीडीवर उत्तर का येत नव्हतं ते आता कळलं.

आता अडलंय फक्त योग्य मूळ फाइलपाशी. ज्यांच्याकडे आपल्याकडची आरएस आहे, त्यांनी ईसीयूच्या लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर आणि स्कॅनरमध्ये दिसणारी चार आकडी सॉफ्टवेअर आवृत्ती इथे लिहावी. माझ्या लेबलचा फोटो पहिल्या प्रतिसादात जोडला आहे. कंपनीची एसजीओ फाइल (ईसीयू अपडेटची फाइल) कुणाकडे असेल तरी चालेल, तिच्यातून बिन फाइल (चिपवर जशीच्या तशी लिहायची) काढायची तयारी आहे. फक्त शेवटची अक्षरं वेगळी पण बॉशचा ०२६१ ने सुरू होणारा हार्डवेअर नंबर तोच, अशी फाइल कुणी यशस्वीपणे चालवली असेल, तर तो अनुभवही हवा आहे. आणि झाकण पुन्हा बसवताना कोणता सीलंट वापरलात, तेही सांगा. पाऊस तोंडावर आलाय.