मदत हवी आहे: ॲल्युमिनिअम मोरचुदाला दाद देत नाही (१०वीचा प्रयोग)

चंचुपात्र, कळवा

मंडळी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात १०वीची मुलं धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी (वरचा धातू खालच्याला द्रावणातून बाहेर काढतो, तो क्रम) दाखवणार आहेत. शुक्रवारी मांडायचं आहे आणि निकाल पुस्तकाशी जुळत नाहीयेत.

कृती: २०० मिली नळाच्या पाण्यात १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचं निळं संयुग) विरघळवलं. तीन काचेच्या ग्लासांत ५०-५० मिली ओतलं. एकात लोखंडी खिळा, दुसऱ्यात जस्ताची पट्टी (जुना सेल कापून काढलेली), तिसऱ्यात किचन फॉइलचा तुकडा.

१. फॉइल ४० मिनिटांनीही चकचकीत. श्रेणीत ॲल्युमिनिअम जस्ताच्या वर आहे ना?
२. जस्त लगेच काळं पडलं. तांबं जमायला हवं तर ते तांबूस का नाही?
३. खिळाही आधी काळाच झाला, लाली फार उशिरा आली.
४. द्रावण निळसर गढूळ आहे, पारदर्शक नाही.

---

खाडीवारा, ऐरोली

आधी ॲल्युमिनिअमचं बघू, कारण परीक्षक तिथेच बोट ठेवणार.

श्रेणी बरोबर आहे, पण तुमचं मोरचूद ॲल्युमिनिअमपर्यंत पोचलेलंच नाही. फॉइलवर ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर असतो. पॉलिश पेपरने घासून उपयोग नाही. हवा लागताच तो पुन्हा धरतो.

उपाय स्वयंपाकघरात आहे. त्या ५० मिलीत अर्धा चहाचा चमचा साधं मीठ टाका आणि ढवळा. मिठातला क्लोराइड आयन ऑक्साइडचा थर जागोजागी फोडतो. थोड्याच वेळात फॉइलवर तपकिरी-लाल ठिपके उठतील, बुडबुडे येतील, मग फॉइलला भोकं पडतील. मीठ जास्त झालं तर निळ्यात हिरवट झाक येते, ते बिघडलेलं नाही. बुडबुडे हायड्रोजनचे: मोरचुदाचं द्रावण मुळात किंचित आम्लधर्मी असतं आणि उघड्या पडलेल्या ॲल्युमिनिअमशी तेही भिडतं.

फॉइल ५ सेंमी × ५ सेंमी पुरे, बोळा करू नका. मोरचूद ५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, ग्लास चांगलाच तापतो. प्लॅस्टिकचा पातळ कप नको.

आणि शेजारी चौथा ग्लास ठेवाच: नुसतं मीठ-पाणी आणि तेवढंच फॉइल. त्यात काही होत नाही. नाहीतर कोणीतरी म्हणणारच की फॉइल मिठाने खाल्लं.

हाच खेळ विरल हायड्रोक्लोरिक आम्लात वेगळा दिसतो. पहिली एक-दोन मिनिटं ॲल्युमिनिअम थंड, मग एकदम उसळतं. काही होत नाही म्हणून वरून आणखी आम्ल ओतणारे तिथे फसतात.

---

हिराकस, ठाणे पश्चिम

जस्त काळं दिसतं कारण तांबं फार भराभर आणि फार बारीक कणांत बसतं. बारीक कण प्रकाश परतवत नाहीत. तो काळा गाळ चमच्याने खरवडून कागदावर घ्या, वाळू द्या, चमच्याच्या पाठीने दाबून घासा. तांबूस चमक दिसेल. द्रावण १ टक्क्यावर आणलंत तर थर सावकाश चढतो आणि रंगही बरा येतो.

पण तुमच्या जस्ताबद्दल दुसरी शंका आहे. सेलच्या आतलं काळं मिश्रण मँगनीज डायऑक्साइडचं असतं. पट्टी दोन्ही बाजूंनी घासून धुतली नसेल तर निम्मा काळेपणा त्याचाच. साधे झिंक-कार्बन सेलच कापा; अल्कलाइन सेल अजिबात उघडू नका, आत पोटॅशिअम हायड्रॉक्साइड असतं आणि ते कातडी जाळतं.

खिळा बहुधा जस्ताचा मुलामा दिलेला आहे. म्हणजे तुम्ही जस्ताचाच प्रयोग दोनदा केलात. पांढरट चकाकणारा खिळा नको, साधा काळपट खिळा घ्या आणि पॉलिश पेपर मारा. सध्याच्या दमट हवेत आदल्या रात्री घासलेला खिळा सकाळी गंजलेला मिळतो, तेव्हा मांडणीच्या वेळीच घासा.

गढूळपणा पाण्याचा. नळाच्या, त्यातून टँकर-बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे तांब्याचं कार्बोनेट साकळतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही मिळतं, कॅनवरचं लेबल वाचून घ्या.

आता खरी उणीव. मोरचुदात तिन्ही धातूंनी तांबं बाहेर काढलं, तर एवढंच ठरलं की तिघेही तांब्याच्या वर आहेत. त्यांच्यातला क्रम कुठे ठरला? त्यासाठी दोन परीक्षानळ्या लागतात: हिराकशीच्या (लोखंडाचं संयुग, फेरस सल्फेट) द्रावणात जस्त, आणि झिंक सल्फेटच्या द्रावणात लोखंडी खिळा. पहिल्यात जस्त काळवंडतं आणि फिका हिरवा रंग आणखी उतरतो, तासभर द्या. दुसऱ्यात ढिम्म काही नाही. जस्त लोखंडाच्या वर, हे इथे सिद्ध होतं. हिराकशीचं द्रावण त्याच दिवशी करा आणि त्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब टाका, नाहीतर ते पिवळट-तपकिरी होतं. बाकी धातू आणि क्षार (मोरचूद, हिराकशीसारखी संयुगं) आडवे-उभे मांडून तक्ता करा. माझ्या मते दहा रंगीत पोस्टरांपेक्षा तो भारी पडतो.

---

चंचुपात्र, कळवा

मीठ चाललं! पाच मिनिटांत फॉइलची चाळण. खिळाही मुलाम्याचाच निघाला. आता दोन अडचणी. मुलं मोरचुदाला ‘आम्लारी’ म्हणतायत, कारण हिंदी व्हिडिओत क्षार म्हणजे बेस असं ऐकलंय. आणि उरलेलं द्रावण कुठे टाकू?

---

दर्शकपट्टी, नेरूळ

हा घोळ इकडे दर वर्गात होतो. हिंदीत बेसला क्षार आणि सॉल्टला लवण म्हणतात. आपल्या पुस्तकात बेस म्हणजे आम्लारी आणि सॉल्ट म्हणजे क्षार. मुलांना नियम पाठ करायला लावण्यापेक्षा करून दाखवा: चुन्याच्या निवळीने लाल लिटमस निळा होतो, म्हणून कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आम्लारी. मिठाच्या पाण्याने कुठलाच लिटमस बदलत नाही, आणि ते क्षार. मग मोरचुदात निळा लिटमस बुडवा, तो लालसर होईल. इथे मुलं चक्रावतात. सौम्य आम्लारी कॉपर हायड्रॉक्साइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांच्यापासून झालेला क्षार असल्यामुळे त्याचं द्रावण आम्लधर्मी. धुण्याचा सोडा उलट. तोही क्षारच, पण लाल लिटमस निळा करतो. क्षार म्हणजे उदासीन असं समीकरण डोक्यातून जायला हे दोन ग्लास पुरतात.

द्रावण बेसिनमध्ये किंवा पावसाळी गटारात नको. आपली गटारं खाडीला मिळतात आणि तांबं माशांना जहर. सगळे ग्लास एका बाटलीत ओता, त्यात घासलेले साधे खिळे किंवा लोखंडी तारेची घासणी टाका आणि झाकण सैल ठेवा, कारण थोडा वायू सुटतो. दुसऱ्या दिवशी निळा रंग गेलेला दिसेल. तळाचं तांबं गाळून कागदात गुंडाळा, वरचं पाणी भरपूर पाण्याबरोबर सोडा. निळेपणा शिल्लक असेल तर घासणी स्टेनलेस स्टीलची होती. तिच्यावर क्रोमिअमच्या ऑक्साइडचा थर असतो, म्हणजे तुमच्या फॉइलचीच गत. लोखंडी घासणी आणा.