१२३४५६७८९८७६५४३२१ आणि टाकीची सफाई

सुहास (बी-४०२): [फॉरवर्ड केलेला मेसेज] १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१ 🙏 प्राचीन ऋषींची दैवी संख्या. ११ जणांना पाठवा.

दळवी, सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. टाकी सफाईची नोटीस वर गेली.

कुलकर्णी बाई (ए-१०१): दळवी, दोन मिनिटं. सुहास, ऋषी कशाला? देवळालीच्या शाळेतले मास्तर द. रा. कापरेकर, त्यांच्या 'डेमलो' संख्यांपैकी ही एक. जी.आय.पी. रेल्वेवर (आजची मध्य रेल्वे) मुंबईपासून ३० मैलांवरच्या डेमलो स्टेशनात सुचल्या म्हणून ते नाव. डेमलो म्हणजे आपली डोंबिवली असं सांगतात.

नाना म्हात्रे (ए-००३): बाई, आमच्या चार पिढ्या इथल्या. डेमलो कधी ऐकलं नाही. गाडीची वाट बघताना सुचलं असेल तर मात्र डोंबिवलीच 😂

ईरा (बी-२०३): बाई, पण ही संख्या ९ पर्यंत चढून परत उतरते कशी?

कुलकर्णी बाई: कागदावर मांड. एकेक घर डावीकडे सरकत नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ '१'. कडेच्या उभ्या रांगेत १ एक, मग २, ३, मधे ९, पुढे पुन्हा कमी. कुठेच हातचा येत नाही, म्हणून मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते.

ईरा: म्हणजे अंकांची बेरीज ८१ 😮 मांडलेले '१' तेवढेच, ९ × ९!

कुलकर्णी बाई: शाब्बास! आणि ८१ ने भागही जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' म्हणतात. तेही नाव कापरेकरांचंच.

सुहास: मग दहा '१' घेतले तर १० पर्यंत चढेल?

कुलकर्णी बाई: तिथेच मोडतं. मधे १० आले की हातचा. १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब, मधे दोन शून्यं. दैवी असती तर दहाव्याला अडली नसती.

निखिल (सी-३०१): एक्सेलमध्ये ९ एकांचा वर्ग केला. शेवटी ३२१ च्या जागी ३०० येतंय.

ईरा: दादा, तो १५ अंकच धरतो, पुढे शून्यं. ही १७ अंकी आहे.

दळवी, सेक्रेटरी: मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्येच आहे!!

निखिल: मेंटेनन्स १५ अंकांच्या पुढे गेला की बोलू, काका.

कुलकर्णी बाई: ईरा, अवयव पाडून बघ. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. शेवटचा मूळ आहे का, ते तू तपास. वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं.

ईरा: त्या १०६ आहेत बाई 😭

कुलकर्णी बाई: २, ३, ५ नजरेनेच जातात. उरल्या १०३.

दळवी, सेक्रेटरी: उद्या ११ ते १ पाणी बंद. ही संख्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी.